बेळगावातून परराष्ट्र क्षेत्राकडे: चर्चासत्रं, अर्ज आणि पोटापाण्याचं

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. गाव खानापूर तालुक्यात. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासावर दोन दिवसांचं चर्चासत्र झालं, प्रमाणपत्र मिळालं. आता बाहेरच्या एका मॉडेल युनायटेड नेशन्सची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवरच्या लुटुपुटुच्या परिषदेची, जाहिरात आलीय, फी बरीच आहे. अशा कार्यक्रमांना जाऊन पुढे खरंच काही होतं का? शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बेताचं. घरी म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो."

होतं, पण प्रमाणपत्राने होत नाही. मी मूळची निपाणीची. मुंबईत एका परदेशी वाणिज्य दूतावासाच्या आर्थिक विभागात बरीच वर्षं स्थानिक कर्मचारी होते आणि आता सीमाभागातल्या मुलामुलींना अर्ज-मुलाखतीसाठी मदत करते. दूतावासात आलेले अर्ज चाळणं हा माझ्या कामाचाच भाग होता. अर्जाला जोडलेली सहभाग प्रमाणपत्रं आम्ही मोजतही नसू. त्या कागदावरून एवढंच कळतं की हा माणूस त्या दिवशी हॉलमध्ये होता; जेवणानंतर होता की नाही, तेही कळत नाही. पण अर्जासोबत स्वतः लिहिलेला चार-पाच पानांचा लेख असेल तर तो वाचला जायचा. मुलीला प्रश्न नेमका मांडता येतो का, माहिती कुठून आणली आहे आणि समोरच्या बाजूचं म्हणणं तिला ठाऊक आहे का, हे त्यातून लगेच दिसतं.

तेव्हा चर्चासत्राला जायचं ते लेख घेऊन, किंवा निदान लेखाचा विषय डोक्यात घेऊन. आणि विषय निवडतानाच आपल्याकडची निम्मी मुलं गाडी चुकवतात. कुठल्याही चर्चासत्रात 'भारत-चीन संबंध: आव्हाने व संधी' असा एक तरी पेपर असतोच. दिल्लीत चिनी भाषा शिकून, मूळ कागदपत्रं वाचून त्यावर काम करणारे लोक बसलेत. त्यांच्यापुढे तुझं इंटरनेटवरून गोळा केलेलं कोण ऐकणार? तुझ्याकडे जे आहे ते मात्र त्यांच्याकडे नाही. तू सीमाभागात राहतेस. मराठी घरात, कन्नड बाजारात आणि कचेरीत, कोकणी चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात. परराष्ट्र अभ्यासाचे कितीतरी विषय तुझ्या बसच्या वाटेवर आहेत.

एक विषय जरा सविस्तर सांगते, म्हणजे काय म्हणायचंय ते कळेल. कोल्हापुरी चप्पल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशीच दिसणारी पायताणं मांडली आणि नाव कुठेच घेतलं नाही. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं आणि पुढे महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हींच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. बातम्या बहुतेक कोल्हापूरभोवतीच फिरल्या. पण या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते आठ जिल्ह्यांचं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीत आणि निपाणीत बसून चामडं कापणारा कारागीर त्याचा तेवढाच हक्कदार.

आता यात आंतरराष्ट्रीय काय, ते बघ. आपला मानांकन कायदा १९९९ चा, आणि तो आला जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या करारामुळे. भारतात मिळालेलं मानांकन भारतापुरतंच चालतं. मिलानमध्ये त्याचा आधार घ्यायचा तर तिथे स्वतंत्र संरक्षण मिळवावं लागतं. शिवाय ट्रिप्सच्या कलम २३ मध्ये जास्तीचं कडक संरक्षण आहे ते फक्त वाइन आणि मद्यांना. चपला, पैठणी, हापूस, सगळे कलम २२ च्या साध्या संरक्षणात, जिथे ग्राहकाची दिशाभूल झाली हे दाखवावं लागतं. हे जास्तीचं संरक्षण बाकीच्या मालालाही द्या म्हणून भारत वर्षानुवर्षं मागणी करतोय, आणि विरोध करणाऱ्यांत अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश आहेत. जून २०२२ मध्ये भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापाराच्या बोलण्यांबरोबर मानांकनावरची वेगळी बोलणी सुरू केली, ती याच कारणासाठी महत्त्वाची. एवढं वाचून अथणीला जायचं, पाच-सहा कारागीर कुटुंबांशी बोलायचं, त्यांना मानांकनाची खबर तरी आहे का, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीय का, माल कुणाला आणि काय भावाने जातो, हे लिहून काढायचं. झाला पेपर. असा पेपर वाचणारी मुलगी मुंबईतल्या कुठल्याही व्यापार कचेरीत लक्षात राहील.

दुसरा विषय भाषिक अल्पसंख्याकांचा. इथे जरा जपून. आपल्याकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोर्चातली भाषा मोर्चात शोभते, पेपरात नको. पण तुलना म्हणून बघितलंस तर हा सोन्यासारखा विषय आहे. आलांड बेटं: लोक स्वीडिश बोलणारे, राज्य फिनलंडचं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) बेटं फिनलंडकडेच ठेवली, पण भाषेची हमी घेऊन. आजही तिथली एकमेव अधिकृत भाषा स्वीडिश आहे. किंवा इटलीतला जर्मन भाषकांचा दक्षिण टिरोल: १९४६ चा करार, १९७२ चा सुधारित स्वायत्तता कायदा, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की वाद मिटला. याच्या शेजारी आपल्या राज्यघटनेतली कलमं ३५०-अ (मातृभाषेतलं प्राथमिक शिक्षण) आणि ३५०-ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा विशेष अधिकारी) ठेवून वाच आणि काय आहे, काय नाही ते लिही. कुणाची बाजू न घेता लिहिता आलं तर हा लेख कुठल्याही विद्यापीठाच्या प्रवेशाला चालेल.

बाकीचे विषय नुसते सांगून सोडते. कारवारचा नौदलतळ आणि अरबी समुद्र. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात बनणारे विमानांचे सुटे भाग, जे एअरबससारख्या कंपन्यांच्या विमानांत जातात. गोवा-कर्नाटक वादातलं म्हादई नदीचं पाणी, जे आंतरराष्ट्रीय नसलं तरी नदीवाटपाची तत्त्वं तीच. आणि डिसेंबर २००८ मध्ये भारत-चीन लष्कराचा 'हँड इन हँड' सराव आपल्या बेळगावात झाला होता, हे तुझ्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे विचारून बघ. चीनवरच लिहायची हौस असेल तर तिथून सुरुवात कर.

आता कार्यक्रमाला गेल्यावर काय करायचं. व्याख्यान संपलं की प्रश्नोत्तरं असतात, आणि आपल्याकडची मुलं मागच्या रांगेत बसून एकमेकांना कोपराने ढोसतात, "तू विचार की." इंग्रजीची भीती असेल तर वक्त्याचं नाव आदल्या दिवशी शोध, त्यांचा एखादा लेख वाच, आणि प्रश्न वहीत लिहून ने. दोन वाक्यं पुरेत. पहिल्यात त्यांचं कुठलं म्हणणं, दुसऱ्यात तुझी शंका. वाचून दाखवलास तरी कुणी हसत नाही; हसतात ते प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्यांना. नंतर एक-दोन दिवसांत वक्त्यांना ईमेल टाक: मी अमुक प्रश्न विचारला होता, या विषयावर लिहितेय, आणखी काय वाचू? निवृत्त राजदूत आणि प्राध्यापक अशा पत्रांना उत्तरं देतात, कारण त्यांनाही तशी पत्रं कमीच येतात. पुढे शिफारसपत्र लागतं तेव्हा हीच माणसं उपयोगी पडतात. फोटो काढून स्टेटसला ठेवलेल्या ओळखीचा तसा उपयोग होत नाही.

कुठले कार्यक्रम? परराष्ट्र मंत्रालयाची 'डिस्टिंग्विश्ड लेक्चर्स' ही मालिका आहे, निवृत्त राजदूत विद्यापीठांत येऊन बोलतात. भुतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. तुमच्या विभागप्रमुखांनी पत्र लिहायला हरकत काय? विद्यार्थ्यांनी मागे लागल्याशिवाय अशी पत्रं जात नाहीत, हे मात्र खरं. २०१८ पासून 'समीप' नावाचा उपक्रमही आहे, त्यात मंत्रालयातले अधिकारी स्वतःच्या जुन्या शाळा-कॉलेजात जाऊन कामाबद्दल सांगतात. पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर मंत्रालयाबरोबर एशिया इकॉनॉमिक डायलॉग ही परिषद भरवतं. दिल्लीचा रायसीना डायलॉग, परराष्ट्र धोरणावरची मोठी परिषद, २०१६ पासून चालतो. तिथे तुला-मला आमंत्रण येणार नाही, पण भाषणं यूट्यूबवर असतात, आणि दिल्लीतल्याच सप्रू हाउसमधल्या भारतीय वैश्विक परिषदेचीही (आयसीडब्ल्यूए) असतात. मुंबईचं गेटवे हाउस आणि बेंगळुरूचं तक्षशिला या धोरण-अभ्यास संस्था इंटर्नही घेतात. बेळगावहून दोन्ही शहरं रात्रीच्या बसच्या अंतरावर. हा आपला फायदा आपण कधी मोजत नाही.

मॉडेल युनायटेड नेशन्सबद्दल माझं मत थोडं कडू आहे. खेळ चांगला आहे: एका देशाची भूमिका घेऊन बोलायचं, ठरावाचा मसुदा लिहायचा, समोरच्यांशी तडजोड करायची. एखादं जवळच्या कॉलेजातलं, कमी फीचं जरूर कर. त्याहून बरं म्हणजे आपल्याच कॉलेजात भरवा. सुरक्षा परिषदेचे सगळे ठराव संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पण बँकॉक नाहीतर दुबईत हॉटेलात भरणारी, 'निवड झाली' म्हणून अभिनंदनाचं पत्र पाठवून मग फी मागणारी संमेलनं हा धंदा आहे. तुझ्याबद्दल काहीही न विचारता निवड झाली असेल तर ती निवड नव्हे. आणि कुणी संयुक्त राष्ट्रांच्या नावाने नोकरी किंवा इंटर्नशिपसाठी पैसे मागितले तर तिथेच थांब; संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. त्यांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, म्हणजे न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च घरचा. खानापूरच्या मुलीने त्यामागे लागू नये असं माझं स्पष्ट मत. पगारी नोकरीसाठीची त्यांची यंग प्रोफेशनल्स परीक्षा बत्तीस वर्षांपर्यंत देता येते, पण कुठल्या देशांच्या नागरिकांना, ती यादी दरवर्षी बदलते. भारत नसेल तर त्या वर्षी दार बंद.

मग पोटापाण्याच्या वाटा कुठल्या?

सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा. त्यासाठी वेगळी परीक्षा नाही, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षाच द्यायची आणि पसंतीक्रमात ती सेवा वर ठेवायची. वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा संधी. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते, वैकल्पिक विषय मराठी साहित्य घेता येतो. इंग्रजीचा पेपर फक्त पास व्हायचा असतो, गुणांत धरत नाहीत. निवड झाल्यावर एक परदेशी भाषा सक्तीने शिकवतात. राज्यशास्त्राची आहेस तर 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घे. दुसरा पेपर जवळजवळ सगळा याच अभ्यासाचा.

सीमाभागातल्या मुलांसाठी यातली मोठी गोष्ट म्हणजे अधिवास. यूपीएससीला तू कर्नाटकाची की महाराष्ट्राची, याने काही फरक पडत नाही. राज्याच्या भरतीत, शिष्यवृत्तीत जो घोळ आपल्या वाट्याला येतो तो इथे नाही. फक्त आरक्षण असेल तर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि राज्याची यादी व केंद्राची यादी एक नसते. ते आत्ताच तपासून घे.

कमी लोकांना ठाऊक असलेली वाट कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची. पदवीधरांच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी, एएसओ, घेतात. हे लोक दिल्लीत मंत्रालयात बसतात आणि पाळीपाळीने परदेशातल्या भारतीय दूतावासांत जातात. लेखा, प्रशासन, वकिलातीची कामं, व्हिसा-पासपोर्ट. राजदूताचा रुबाब नाही, पण सरकारी पगार, परदेशातला भत्ता आणि जग बघायला मिळतं. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता त्याच धर्तीचं. त्यांतल्या किती जणांनी पसंतीक्रमात ही जागा वर लिहिली असेल? तू फॉर्म भरशील तेव्हा लिही.

पदवी झाल्यावर लगेच मंत्रालयाची इंटर्नशिप आहे. वर्षातून दोन सत्रं, वयाची अट पंचविशीपर्यंत, दरमहा १०,००० रुपये मानधन, आणि जागा राज्यनिहाय वाटतात, म्हणजे सगळ्या जागा दिल्लीचीच मुलं नेत नाहीत. अर्जात कशात रस आहे ते लिहावं लागतं. तो अथणीचा लेख तिथे कामाला येतो.

एम.ए. करायचं तर दिल्लीच्या जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज अजूनही पहिल्या क्रमांकावर ठेवीन. १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झालेली संस्था १९७० मध्ये जेएनयूत आली. फी परवडणारी, प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या सामाईक परीक्षेतून. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच. आपली मुलं निकाल लागल्यावर चौकशीला येतात आणि वर्ष घालवतात. दिल्लीचंच साउथ एशियन युनिव्हर्सिटी, पाँडिचेरी, जादवपूर हेही पर्याय. पुण्यात सिंबायोसिसला आहे, मणिपालला आहे, पण फीचा आकडा बघून मगच घरात विषय काढ.

परदेशात जायचं झालं तर एक अडचण ध्यानात ठेव. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षं मागतात, म्हणून आधी इथलं एम.ए. बरं. युरोपात इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीला तीन वर्षांची पदवी सहसा चालते, अनुभवाची सक्तीही सहसा नसते. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो; ते स्वप्न पंचविशीनंतरचं. अनुसूचित जातीजमातींच्या मुलांसाठी केंद्राच्या आणि कर्नाटक सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या योजना आहेत. महाराष्ट्राच्या योजनांना अधिवास लागतो, तिथे अर्ज करून मनस्ताप ओढवून घेण्याआधी नियम वाच.

आणि माझ्या अनुभवातली सगळ्यात दुर्लक्षित वाट: व्यापार. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतली फाउंड्रीवाली मंडळी, बेळगावचे हायड्रॉलिक पार्ट बनवणारे, यांचा माल बाहेर जातो. त्यांना निर्यातीची कागदपत्रं, कुठल्या देशाशी करारामुळे किती जकात कमी लागते, माल कुठला याचा दाखला कसा काढायचा, हे समजणारी माणसं हवी असतात. 'उगमाचे नियम' हा वर्गात कंटाळवाणा वाटणारा धडा त्यांच्या दृष्टीने रोकडा पैसा आहे. परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बसून दोन महिने काढलेस तर इथल्या इथे पहिली नोकरी मिळू शकते. त्याच अनुभवावर मुंबई-बेंगळुरूतले वाणिज्य दूतावास, इंडो-जर्मन चेंबरसारख्या संस्था स्थानिक माणसं घेतात. आमच्या विभागात घेतलेले बरेच जण असेच आले होते. निव्वळ सिद्धांत शिकून आलेले थोडे.

भाषेचं सांगते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चोर्ला घाट उतरला की गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे, पणजीत पोर्तुगीज भाषा केंद्र आहे. पोर्तुगीज म्हणजे नुसतं पोर्तुगाल नव्हे. ब्राझील, अंगोला, मोझांबिक. मोझांबिकच्या वायुक्षेत्रात आपल्या सरकारी तेल कंपन्यांची भागीदारी आहे. जर्मन येणारे शेकड्याने मिळतात, पोर्तुगीज येणारं माणूस शोधावं लागतं. भाषा कुठलीही घे, पण बी-२ पातळीपर्यंत ने (युरोपीय मोजपट्टीत ए-१ सगळ्यात खालची, सी-२ सगळ्यात वरची). ए-१ चं प्रमाणपत्र अर्जात लिहिण्याच्या लायकीचं नाही. आणि कन्नड बोलतेस ते अर्जात लिही. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चार भाषा लिहिता-वाचता येणारे उमेदवार मुंबईतही सहज सापडत नाहीत.

इंग्रजी बेताचं म्हणालीस. रोज एका इंग्रजी बातमीचा मराठीत चार ओळींचा गोषवारा आणि एका मराठी बातमीचा इंग्रजीत, एवढं वर्षभर कर. व्याकरणाचे क्लास लावण्यापेक्षा हे स्वस्त आणि दूतावासात रोजचं काम नेमकं हेच असतं.

कागदपत्रांचं राहिलं. पासपोर्ट आत्ताच काढ. आपल्याकडे घोळ ठरलेले: जन्मदाखल्यावर 'बेलगाम', आधारवर 'बेळगावी', कारण शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांच्या-आजोबांच्या नावाची आद्याक्षरं पुढे, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव मागे. गावाच्या नावाने सहसा अडत नाही, स्वतःच्या नावाने अडतं. दहावीच्या कागदावर जसं आहे तसं नाव सगळीकडे करून घे आणि आद्याक्षरं असतील तर ती पूर्ण लिहिण्याबद्दल प्रतिज्ञापत्र तयार ठेव. शिष्यवृत्ती मिळाल्यावर तालुका कचेरीत धावपळ करणारी मुलं मी पाहिली आहेत.

बी.एड.चं. घरच्यांशी भांडू नकोस, त्यांचं गणित चूक नाही. शिक्षकाची नोकरी गावाजवळ असते आणि ती समजते. त्यांना सांग की पदवीच्या शेवटच्या वर्षी सीयूईटी-पीजी आणि पदवीनंतर सीजीएल द्यायची आहे, दोन्हींची फी एका मॉडेल युनायटेड नेशन्सपेक्षा कमी आहे, आणि त्यात काही झालं नाही तर बी.एड. कुठे पळून जात नाही. त्या जाहिरातीची फी भरू नकोस. तेवढ्या पैशात अथणीला जाऊन ये, लेख लिहून मला पाठव, मराठीत असला तरी चालेल. इंग्रजी नंतर दोघी मिळून करू.